परत द्यायची रीत

(वडनेर भोलजी, नोव्हेंबर १९७१. उतरती दुपार. बौद्धवस्तीतलं एक घर. ओट्यावर टाकलेल्या सतरंजीवर निवृत्त हेडमास्तर भगवंतराव गुरुजी. उंबऱ्यापाशी तानाबाई, अंगावर ठेवणीतलं लुगडं. आत पाळण्याची दोरी हातात धरून तिची सून अन्नपूर्णा.)

भगवंतराव : पुन्हा म्हण बरं. 'निर्वासित बंधुभगिनींच्या' इथं थोडं थांबायचं. घाई करायची नाही. मग, 'मला सोडतीत लागलेलं हे शिवणयंत्र'...

तानाबाई : मोठ्यानं म्हन वं. तथी भोंगा असला तरी तोंडातून आवाज निंगाले पायजे का नाई?

अन्नपूर्णा : गुरुजी, हे वाक्य कोणी लिहिलं?

भगवंतराव : मीच. मुद्दाम सोपं लिहिलं. तू बी. ए. झालेली, तुला काय अवघड? पण स्टेजवर भल्याभल्यांची जीभ अडते. नारायणरावांच्या सुभद्राबाईंकडून मागे मी चारदा घोकून घेतलं होतं. तरी ऐन वेळी भूकंपाच्या जागी दुष्काळ म्हणून मोकळ्या झाल्या.

तानाबाई : पन टाया वाजल्याच.

भगवंतराव : वाजल्या ना. तुमच्याही वाजतील, तानाबाई. जास्तच वाजतील.

अन्नपूर्णा : शेवटी 'परत अर्पण करते' असं आहे यात.

भगवंतराव : तेच तर मुख्य आहे. तिथं आवाज थोडा चढव.

अन्नपूर्णा : मी परत देणार, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

भगवंतराव : म्हणजे?

अन्नपूर्णा : मी मशीन घ्यायला येणार होते गुरुजी. कचरूभाऊला गाडी जुंपून ठेव म्हणून सकाळीच सांगितलं.

तानाबाई : आं? मले तं म्हनली का गाडी आपल्याले बसून जायले! म्हनून तं मी दुपारपासून लुगडं नेसून बसली.

अन्नपूर्णा : जाताना बसून जाऊ. येताना मशीन ठेवू, आपण चालत येऊ.

भगवंतराव : अन्नपूर्णा, अगं, परत देतात ते. आपल्या गावची रीत आहे ती. बासष्टला चीनची लढाई झाली, जवानांसाठी सोडत काढली, वामनरावांना भिंतीवरचं घड्याळ लागलं. त्यांनी स्टेजवर येऊन घड्याळाला हार घातला आणि म्हणाले, देशाचं देशाला. बिहारच्या दुष्काळाला नारायणरावांना सायकल लागली. कोयनेच्या भूकंपाला सुभद्राबाईंना रेडिओ लागला. एकानंही वस्तू घरी नेली नाही. तू शहरात शिकायला होतीस, तुझ्या कानावर आलं नसेल.

अन्नपूर्णा : आलं होतं. घड्याळ, सायकल, रेडिओ. ज्याच्या घरी जे आधीच होतं तेच त्याला लागत गेलं, हेही कानावर आलं होतं.

भगवंतराव : लबाडी नव्हती हं त्यात. ते लोक तिकिटांची अख्खी पुस्तकं घ्यायचे. ज्याची तिकिटं जास्त त्याची चिठ्ठी निघणार. यंदा पहिल्यांदा सगळ्या वस्त्यांमधून तिकिटं विकली. तो आग्रह माझा. नारायणराव म्हणत होते, रुपया-रुपयासाठी कशाला चपला झिजवता? मी म्हटलं, दुःख माणसाचं आहे, मदतही साऱ्या माणसांची होऊ द्या. तुझ्या या ओट्यावर मी स्वतः तिकीट घेऊन आलो होतो.

तानाबाई : आन आपल्यालेच लागली. एका पोट्टीनं डेऱ्यात हात घालून चिठ्ठी काढली, नाव वाचलं, तं सगये कसे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यले! मी होती ना तथी. कोनीच टाया वाजवे ना. मले वाटलं, चुकलं का काय माह्या हातून काही.

अन्नपूर्णा : त्या टाळ्या राहिल्या म्हणून आज मशीन द्यायची का, आत्याबाई?

तानाबाई : हाव! त्याच्याचसाठी द्याची. खोटं कायले बोलू? ऐक वं पोरी. मी या गावात जन्मभर घेतलं. खयावरचं घेतलं, सनाचं ताटलीभर घेतलं, दुसऱ्याईच्या बाया नेसून फाटलेली जुनेरं घेतली. धर्म घेतला तवा तुह्या सासऱ्यानं ते सगयं सोडलं. उपाशी राहू, पन हात पसरनार नाई म्हने. राह्यलो उपाशी. तरी गावाच्या डोयात आपन घेनारेच. एक डाव त्या भोंग्यातून निंगू दे का तानाबाईच्या घरानं देल्लं. नारायणरावच्या ओसरीवर आयकू गेलं पायजे. मंग मी मेली तरी चालते.

भगवंतराव : बघ. ही म्हातारी न शिकता काय बोलते आहे ते बघ.

अन्नपूर्णा : ऐकलं मी. तुमच्या भोंग्यासाठी मी उंद्रीला जाऊ का, आत्याबाई?

तानाबाई : आता उंद्री कायले मधात आनली?

भगवंतराव : उंद्री? चिखली तालुक्यातली? तिथं काय आहे?

तानाबाई : शायेत मास्तरीन म्हनून हुकूम आला हिले. सोमवारी हजर व्हायचं हाये. आन ही जात नाई म्हनून बसली.

भगवंतराव : अगं मग पेढे द्यायचे सोडून काय बसलीस! सरकारी नोकरी! माझ्या हाताखालची विद्यार्थिनी शिक्षिका झाली. मग तुला मशीन कशाला हवी? ज्याला काही आधार नाही त्यानं धरून बसावं. तुला तर...

अन्नपूर्णा : मशीन मिळाली तर मी उंद्रीला जाणार नाही.

भगवंतराव : काय? लोकांचे ब्लाऊज शिवत बसणार? बी. ए. होऊन?

अन्नपूर्णा : हो. वसतिगृहात शिवण शिकले आहे मी. पोलक्यासाठी बायका इथून नांदुऱ्याला जातात. शाळेचे सदरे-चड्ड्या आहेत. मागून कोणी हिणवलं तर हिणवू दे. इथं बसून शिवीन, आणि पायाशी पाळणा असेल. एवढंच पाहिजे मला. पायाशी पाळणा.

भगवंतराव : मुलीला घेऊन जा की तिकडे.

अन्नपूर्णा : गेले होते बघायला. तीन घरं विचारली. खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की पाहुणे यायचे असायचे. शेवटी वस्तीत मावसबहिणीच्या पडवीत जागा मिळाली. त्या घरची सगळी माणसं दिवस उजाडल्यापासून मजुरीला. मी शाळेत फळ्यापाशी उभी राहिल्यावर नऊ महिन्यांचं लेकरू कोणाजवळ?

भगवंतराव : तानाबाईंना ने.

तानाबाई : म्हताऱ्याले कोन पाहीन? दोन वर्स झाले अंथरुनावर हाये. कूस बदलाले मी लागतो. माहा पोरगा माणिक तं मलकापूरच्या जिनिंगात. आठ दिसातून एकडाव तोंड दाखोते. आन ते काम बी कपाशी हाये तवालोकच.

भगवंतराव : मग मुलगी इथं तानाबाईंजवळ राहील. आज्या नातवंडं सांभाळतातच की. यात एवढं... का? मी काही चुकीचं बोललो का?

तानाबाई : तुमी नाई चुकले गुर्जी. सांग ना वं.

अन्नपूर्णा : नको आत्याबाई.

तानाबाई : मंग मीच सांगतो. माह्याजवळ लेकरू देत नाई ते. पानी आनाले गेली तरी कडेवर घेऊन जाते. हिचा पयला, राहुल, मेला तवापासून.

अन्नपूर्णा : तुम्ही मारलं असं मी कधी म्हटलं?

तानाबाई : म्हनली नाई. म्हनली असती तं बरं झालं असतं, भांडून घेतलं असतं मी.

भगवंतराव : राहुल... हो. माझ्या कानावर आलं होतं. तू औरंगाबादला परीक्षेला होतीस तेव्हा.

अन्नपूर्णा : बी. ए.चा शेवटचा पेपर राहिला होता. तार आली ती पेपरच्या वेळी वसतिगृहाच्या मॅडमनी जवळ ठेवली. म्हणाल्या, आधी पेपर लिहू दे हिला. चांगल्या मनानंच ठेवली त्यांनी.

तानाबाई : दवाखान्यातून फुकट भेटली होती ती दुधाची भुकटी. परदेशातून आली म्हने. पांढरी फट्ट, पिठासारखी. मले वाटलं, एवढ्या दुरून आली तं चांगलीच असन. नाल्याच्या पान्यात कालवली. आमी तेच पेतो ना पानी. पिशवीवर सांगून ठेवलं होतं म्हनते का पानी उकयून घ्या. पन विंग्रजीत. मी ते पिशवी धुवून जपून ठेवली होती. ही आल्यावर हिनं वाचून दाखोली मले.

अन्नपूर्णा : कशाला आता हे.

तानाबाई : आता नाई तं कवा? माणूस ओट्यावर बसून विचारून राह्यला.

भगवंतराव : वाईट झालं. फार वाईट. पण अन्नपूर्णा, म्हणूनच तुला समजायला हवं. पूर्व बंगालातून आलेल्यांच्या त्या छावण्यांमध्ये अशा हजारो आया आहेत. पावसाचं पाणी घोट्यापर्यंत, त्यात बसून लेकरं मरताना पाहिली त्यांनी. पेपरमधला तो फोटो तुला मीच दाखवला होता. डोक्यावर छप्पर नाही म्हणून सिमेंटच्या पाइपात बसलेली ती बाई...

अन्नपूर्णा : तो पाहूनच तिकीट घेतलं मी. त्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जिवंत आहे की नाही ते फोटोत कळत नव्हतं. मी कितीतरी वेळ बघत होते. मग आतून रुपया आणून तुमच्या हातावर ठेवला. तो रुपया मी त्या बाईला दिला, गुरुजी. तिथं माझं देणं झालं. पोस्टाचं पाकीट घेतलं की पाच पैसे जादा घेतात तिच्या नावानं, तेही देते. मशीन मला लागली आहे.

भगवंतराव : दानाला असं मोजमाप असतं का?

अन्नपूर्णा : तिकिटावर मशीनचं चित्र कोणी छापलं मग? बाईचा फोटो छापायचा होता.

भगवंतराव : बाईच्या फोटोवर कोणी रुपया काढत नाही! हे बघ, मी खोटं बोलणार नाही. पहिले आठ दिवस मी नुसती झोळी घेऊन फिरलो. 'निर्वासितांसाठी द्या हो.' लोक म्हणाले, आमच्या घरचे निर्वासित आधी बघा. नारायणरावांनी अकरा रुपये दिले आणि पावती मागितली. मग मशीन आणून चावडीपुढं मांडली. कापड घालून एक पोरगी चालवून दाखवायची. तेव्हा कनवटीचे रुपये सुटले. आता सरकारसुद्धा लॉटरी काढतंच ना? माणूस असाच आहे. त्याला दया येते, पण समोर काही चमकत असलं तर लवकर येते.

तानाबाई : हे बाकी खरं हाये. कौशल्याबाईनं तं चार तिकिटं घेतली, नवऱ्याले न सांगता. निर्वासित कोन म्हनून विचारलं तं म्हने, असतीन कोनी मशीनवाले.

अन्नपूर्णा : म्हणजे लोकांच्या हावेतून त्या बायांना दूध जातंय.

भगवंतराव : जातंय ना पण! कशातूनही जाऊ दे.

अन्नपूर्णा : बरं. तसं असू द्या. माझी पण हाव होती असं समजा. आता मशीन द्या. कचरूभाऊ गाडी स्टेजच्या बाजूला उभी करेल. मी 'सर्वांची आभारी आहे' एवढं म्हणेन, तुमच्या वाक्यातला पहिला अर्धा भागही म्हणेन, आणि दोघं-तिघं मिळून मशीन गाडीत चढवा.

तानाबाई : आयकत नाई हे, गुर्जी. माह्या पोरासारखीच हाये, एकडाव धरलं का सोडत नाई. मंग असं करा. मशीन नेऊ द्या हिले. भोंग्यातून एवढं सांगजा, का तानाबाई द्याले तयार होती.

भगवंतराव : तसं नाही करता येत.

अन्नपूर्णा : का?

भगवंतराव : नाही येत, म्हणतो ना.

अन्नपूर्णा : नारायणराव नाही म्हणतात? आमच्या वस्तीत जाते म्हणून?

भगवंतराव : नाही गं. त्यांनी तसं काही... म्हणजे कुरकुरले, पण ते नाही कारण.

अन्नपूर्णा : मग काय आहे? माझ्याकडं बघून सांगा.

भगवंतराव : मशीन आपली नाही.

तानाबाई : कोनाची हाये मंग?

भगवंतराव : रंगरावांची. नांदुऱ्याला दुकान आहे त्यांचं. त्यांनी पंधरा दिवसांपुरती मांडायला दिली आहे. उद्या सकाळी त्यांचा माणूस न्यायला येणार.

अन्नपूर्णा : तुम्ही विकत घेतली नाही.

भगवंतराव : कधीच घेतली नव्हती. कुठल्याच खेपेला. पहिल्या वर्षी घड्याळ आणायला गेलो तेव्हा रंगरावांचे वडील म्हणाले, वामनरावांसारखी माणसं आहेत, जिंकणारा परतच देईल, घेता कशाला? नुसतं मांडा, आणि तिकिटाचा सारा पैसा जवानांना पाठवा. आम्हाला ते पटलं. आणि खरंच तसं झालं. दुसऱ्या वेळी झालं, तिसऱ्या वेळी झालं. मग ती रीतच पडली. यंदा मी वस्त्यांमधून तिकिटं विकत फिरलो, दारोदार गेलो, पण देवाशपथ सांगतो, वस्तूची खरंच गरज असलेलं माणूस जिंकलं तर काय, हा विचारच कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

तानाबाई : थांबा, थांबा गुर्जी. सुभद्राबाईनं रेडू देल्ला ना?

भगवंतराव : रेडिओ दुकानातून आला होता, दुकानात गेला.

तानाबाई : मंग तिनं काय देल्लं? अवं बाप्पा. मी तिच्या वावरात निंदाले होती त्या साली. तिनं रेडू देल्ला म्हनून रोजाचे पैसे चार दिस थकवले, तं मी मांगितले नाई. मनात म्हनलं, एवढं दान केलं बिचारीनं, हात तंग असन.

अन्नपूर्णा : हसता काय आत्याबाई?

तानाबाई : काय करू मंग? आन आज मी जे द्याले निंगाली होती, लुगडं नेसून... ते काय होतं गुर्जी?

भगवंतराव : तुमची भावना होती ती. भावना खरी आहे.

तानाबाई : भावनेचं दूध होते का तथी?

अन्नपूर्णा : तिकिटांचे पैसे कुठं आहेत?

भगवंतराव : गेले. बुधवारीच कलेक्टर कचेरीत भरले. तिथून कलकत्त्याला. मांडवसुद्धा नारायणरावांचा, भोंगा फुकट. त्यातल्या एका पैशालाही कोणी शिवलं नाही, एवढं तरी खरं मान.

अन्नपूर्णा : मानते. तुम्ही शिवणार नाही, हे मला माहीत आहे. मग आता मी मशीन मागितली तर?

भगवंतराव : रंगरावांना किंमत द्यावी लागेल. मांडायला घेतली तेव्हा सही माझी आहे. सकाळी नारायणरावांना म्हटलं, सोडतीच्या समितीनं भरू. ते म्हणाले, वस्तीत तिकिटं विकायची हौस तुमची गुरुजी, आता निस्तरा तुम्हीच.

अन्नपूर्णा : आणि तुमचं पेन्शन?

भगवंतराव : अजून मंजूर नाही. वर्ष झालं, कागद अमरावतीला अडकले आहेत. पण ते जाऊ दे. तू मशीन ने. मी सांगतो, ने. आमच्या हिच्या, सरस्वतीच्या, पाटल्या आहेत. तिला सांगेन काहीतरी.

तानाबाई : बाईच्या हातच्या पाटल्या काढता आता?

भगवंतराव : दुसरं काय आहे माझ्याजवळ?

अन्नपूर्णा : आणि मी भोंग्यावर खरं सांगितलं तर? मशीन नव्हतीच म्हणून?

भगवंतराव : सांग. तुला अडवायला मला तोंड नाही. फक्त एवढंच की पुढच्या खेपेला या गावात कोणी कशालाही रुपया देणार नाही. पंचवीस वर्षं लोक म्हणतील, ते निर्वासितांचं माहीत आहे आम्हाला. युद्ध तर आज-उद्या होणारच. आणखी माणसं येतील तिकडून, आणखी लेकरं... मी तुला भीती घालत नाही.

अन्नपूर्णा : घालताय. पण तीही खरीच आहे.

भगवंतराव : अन्नपूर्णा, तुझं नाव शाळेत घातलं त्या दिवशी या वस्तीतून तू एकटी आली होतीस. हेडमास्तर म्हणून माझं पहिलं वर्ष. पालक येऊन म्हणाले, ही आत बसली तर आमच्या पोरी येणार नाहीत. मी म्हटलं, नका पाठवू. पाच दिवस त्या वर्गात तू आणि मी, दोघंच...

अन्नपूर्णा : गुरुजी, ते नका काढू.

भगवंतराव : उपकार म्हणून नाही काढत...

अन्नपूर्णा : उपकार म्हणूनच काढताय. दर खेपेला काढता. मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारात काढलं. लग्नात काढलं. आत्याबाईंच्या देखत, माझ्या नवऱ्याच्या देखत. मी प्रत्येक वेळी खाली वाकून पाया पडले, कारण ते खरं आहे. तुम्ही नसता तर मला ते वाक्य वाचतासुद्धा आलं नसतं. आणा तो कागद.

भगवंतराव : काय करतेस?

अन्नपूर्णा : म्हणते. जसं लिहिलंय तसं म्हणेन. 'परत अर्पण करते' इथं आवाज चढवेन. सुभद्राबाईंसारखी चुकणार नाही.

भगवंतराव : पोरी...

अन्नपूर्णा : निर्वासितांसाठी नाही म्हणत. त्यांना यातलं काही पोचत नाही. गावाच्या नावासाठीही नाही. तुमच्या सहीसाठी म्हणते, आणि सरस्वतीबाईंच्या पाटल्यांसाठी. त्या पाच दिवसांची आज फेड झाली असं समजा. यापुढं माझं नाव तुम्ही शाळेत घातलं, हे माझ्यापुढं म्हणायचं नाही. कोणाच्याच देखत नाही.

भगवंतराव : मले... मले असं नव्हतं पाहिजे व्हायले. खरं सांगतो. तुह्यावर अन्याव झाला, मले समजते.

अन्नपूर्णा : समजून काय उपयोग, गुरुजी? जा तुम्ही. लोक जमले असतील. मी तोंड धुवून येते.

तानाबाई : चहा ठेवला होता गुर्जी. पेऊन तं जा.

भगवंतराव : नको, तानाबाई. आज नको. रोज घेतो, पण आज राहू द्या. येतो.

तानाबाई : गेला बाप्पा. कसा वाकून चालून राह्यला पाहाय. आला तवा ताठ होता.

अन्नपूर्णा : कचरूभाऊले सांगा, गाडी सोडून दे म्हना.

तानाबाई : सांगतो. तू काय म्हनून हाव म्हनली वं? त्यानं फसोलं ना तुले.

अन्नपूर्णा : त्यायले सोताले बी फसोलं त्यायनं. त्याचंच तं वाईट वाटून राह्यलं. नारायणराव असते ना आत्याबाई, तं मी ते मशीन डोक्यावर घेऊन आली असती.

तानाबाई : हाव. आली असती तू. मी मांगून लोटत आली असती.

अन्नपूर्णा : चला मंग. उशीर होते.

तानाबाई : मी नाई येत.

अन्नपूर्णा : काऊन? भोंग्यातून तुमचं नाव घ्यायले लावतो ना मी. 'तानाबाईच्या घरानं' असं म्हनतो.

तानाबाई : नोको घेऊ. सुभद्राबाईच्या लायनीत नाई बसाचं मले. हे लुगडं काढून ठेवतो. तू जाय.

अन्नपूर्णा : मंग हिले... चूप, चूप, झाली जागी. हिले घेऊनच जातो कडेवर.

तानाबाई : एवढ्या गर्दीत? त्या भोंग्याखाली? लेकरू दचकते, बाई. सर्दी हाये तिले. दे नोको देऊ, तुही मर्जी. मी काई म्हनत नाई.

अन्नपूर्णा : आत्याबाई, सोमवारी सकाळच्या मोटारीनं जावं लागन मले उंद्रीले.

तानाबाई : मले समजलं ते. त्यानं 'मशीन आपली नाई' म्हटलं ना, तवाच समजलं.

अन्नपूर्णा : शनवारी रात्री येईन. आठ दिसातून एक रात्र. तवालोक हे... धरा. असं नाई, मान धरा मांगून.

तानाबाई : मले शिकोतं का धराले? माणिक काय झाडावर वाढला?

अन्नपूर्णा : दूध गाईचंच. अंबूबाईकडून, डोयासमोर काढलेलं. भुकटी नाई, कोनी फुकट देल्ली तरी नाई.

तानाबाई : नाई घेनार.

अन्नपूर्णा : पानी खयखय उकयू द्याचं. वर बुडबुडे आले म्हनून उतरवाचं नाई. आन वाटी-चमच्यानं पाजाचं, बाटली आनाची नाई.

तानाबाई : हाव.

अन्नपूर्णा : चमचा बी उकयाचा.

तानाबाई : हाव वं बाई, चमचा बी. रोज उकयीन. कागदावर लिहून चिकटोव चुलीपाशी, पन मले वाचता येत नाई. तूच म्हन रोज रात्री, तीन दिस हायेत अजून. त्या सुभद्राबाईवानी घोकून घे माह्याकडून.

अन्नपूर्णा : ...घेतो.

तानाबाई : आयकलं का? भोंगा लागला. तुहंच नाव घेऊन राह्यले. जाय, डोये पूस आन जाय.

अन्नपूर्णा : रडली तं?

तानाबाई : रडीन थोडी. मंग झोपीन. तू येशील तवालोक जागी ठेवू का तिले? तुले पाहून झोपीन.

अन्नपूर्णा : नका ठेवू. होऊ द्या सवय.